कलम १४ पुन्हा वाचा

पोरांनो,

शनिवारी संध्याकाळी निपाणीत स्टँडजवळच्या हॉटेलात तुमच्या मागच्याच बाकावर मी बसलो होतो. तुम्ही चौघे गोव्याहून आंबोली-आजरा मार्गे नुकतेच आला होता. जुने विद्यार्थी दिसले म्हणून मला आनंद झाला, उठून हाक मारणार इतक्यात तुमच्यातला एक बोलला. लॉजवर त्या बाईशी तीन हजार ठरले होते, सकाळी दीड हजार हातावर ठेवले आणि गाडी काढली. ती काय करणार, पोलिसात जाणार? बाकीचे हसले. दुसरा म्हणाला, "मी ठरले तेवढे दिले, वर दोनशे जास्तच. आपला हिशेब चोख." तिसऱ्यानं सांगितलं, ती आपल्याच भागातली निघाली, मराठी-कानडी दोन्ही बोलत होती. चौथा काही बोलला नाही. सगळ्यांच्या चहाचे पैसे मात्र त्यानं दिले.

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्या वेळी बोललो असतो तर नुसता संताप बाहेर पडला असता आणि तुम्ही "सर म्हातारे झाले" म्हणून सुटला असता. तुम्हाला सुटू द्यायचं नाही, म्हणून दोन दिवस थांबून लिहितो आहे. खाली मान घालून वाचा.

आधी तू, दीड हजारवाला. बी.कॉम.ला व्यापारी कायदा तुला मी शिकवला. भारतीय करार कायदा, १८७२. कलम २३ आठवतं? ज्या कराराचा हेतू न्यायालय अनैतिक मानतं तो करार रद्दबातल. म्हणजे ठरलेले पैसे बुडवले तर त्या बाईला दिवाणी दावा लावता येत नाही. दुकानदार उधारी वसूल करायला कोर्टात जातो, मजूर कामगार खात्यात जातो, तिला कुठलंच दार नाही. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तू बुडवलेस. सावकाराचे बुडवायची तुझी छाती नाही, बँकेचा हप्ता तू पाच तारखेच्या आत भरतोस. जिला दाद मागता येत नाही तिच्यापुरतीच तुझी हुशारी चालली. याला मराठीत चोरी म्हणतात, आणि चोरीतही हलकी चोरी.

शिवाय "पोलिसात जाणार का" म्हणून हसलास, तेही अर्धवट ज्ञानावर. १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्यात कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, बाईच्या कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हा धंदा करणं हा तिचा गुन्हा नाही. बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की या बायकांनाही संविधानाच्या कलम २१ प्रमाणे सन्मानानं जगायचा हक्क आहे, आणि पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानानंच वागायचं, शिवीगाळ-मारहाण करायची नाही. तरी ती गेली नसती, कारण चौकीत काय ऐकावं लागतं ते तिला माहीत आहे. तिची ती भीती तू दीड हजाराला वापरलीस.

आता दुसरा. तुझ्याशी जास्त बोलायचं आहे. पहिल्याला निदान आपण काही बुडवतो आहोत हे कळतं. तू चोख हिशेबाचं समाधान घेऊन घरी आलास, जेवलास आणि झोपलास.

तुला कलम १४ विचारतो. संमती मुक्त कधी म्हणायची? बळजबरी, गैरवाजवी दबाव, कपट, गैरनिवेदन आणि चूक, या पाचांपैकी एकही तिच्यामागे नसेल तेव्हा. हे तू परीक्षेत लिहिलंस, मी त्याला पूर्ण गुण दिले. मग लॉजच्या त्या खोलीत या पाचांपैकी एक तरी तपासलास? तिला तिथं कुणी आणलं? खोलीचं भाडं कोण भरत होतं? फोनवर बोलणारा माणूस कोण होता, आणि तू दिलेल्या पैशांतले किती त्याच्या खिशात गेले? तिनं कुणाची उचल घेतली होती का? उचल म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेला माणूस मध्येच कोयता टाकून जाऊ शकत नाही, तापानं फणफणला तरी फडात उतरतो. त्याला दिवसाची मजुरी वाढवून दिली तरी तो मोकळा होत नाही, उचल फिटेपर्यंत तो मुकादमाचाच. त्या खोलीत अशी उचल असेल तर तुझे वरचे दोनशे कुणाला मिळाले?

आणि वय? "असेल वीस-बावीस" असं तू म्हणालास, मी ऐकलं. असेल? अठराच्या आतल्या मुलीची संमती २०१२ चा पॉक्सो कायदा संमतीच मानत नाही, तिथं कुठलाही दर रास्त नसतो. आणि माणसांचा व्यापार करून आणलेली बाई आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, जो तिला भोगतो त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १४४ आहे. सज्ञान बाई असेल तर तीन वर्षांपासून पुढे शिक्षा, मूल असेल तर पाच वर्षांपासून पुढे. पावती चोख होती हा त्यावर बचाव नाही.

रास्त भाव हा शब्द तर निपाणीच्या माणसानं जपून उच्चारावा. १९८१ साली याच गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखूचे शेतकरी ठिय्या देऊन बसले. शरद जोशी होते, आपले प्रा. सुभाष जोशी होते. मार्चमध्ये सुरू झालेलं ते आंदोलन एप्रिलात गोळीबारानं मोडलं, शेतकरी मेले. ती माणसं रस्त्यावर का बसली याचा कधी विचार केलास? एकेकट्या शेतकऱ्याला व्यापाऱ्यापुढे नाही म्हणता येत नव्हतं. माल घरात ठेवला तर खराब होणार, घेणेकरी दारात उभे, व्यापारी सगळे एका सुरात बोलणारे. नाही म्हणायची ताकद एकेकट्याकडे नव्हती, म्हणून ती हजारोंनी मिळून रस्त्यावर उभी केली. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मिळतो तो भाव नव्हे. हातावर टाकतील ते तो घेतो.

तू विचारशील, मग किती दिले असते तर रास्त झालं असतं? प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारतो आहेस. आधी बघायचं, तिला तुला नाही म्हणता येत होतं का. तिनं दार उघडून "जा" म्हटलं असतं आणि तू गेला असतास, तरी रात्री तिला कुणी मारलं नसतं, उपाशी ठेवलं नसतं, तिच्या नावावर कर्ज चढलं नसतं, हे तुला खात्रीनं माहीत होतं का? त्यानंतर बघायचं, पैसा तिच्या हातात राहतो का. आकडा सगळ्यात शेवटी. तू शेवटचंच कलम वाचून सही केलीस.

आणि हे सगळं सहलीला गेलेल्या माणसाला कधीच कळत नाही, हा तुम्हा चौघांवरचा माझा मुख्य आरोप आहे. आपल्या गावात बसलेल्या बाईला गिऱ्हाईक ओळखता येतं. कोण पैसे बुडवतो, कोण हात उगारतो हे तिच्या शेजारणी तिला सांगतात, दुसऱ्या वेळी ती दार लावते. तुम्ही तिथं एका रात्रीचे. ना तुमचं नाव खरं, ना पुन्हा भेट. तुम्ही गोव्याला समुद्रासाठी गेलात असं सांगू नका, कुणी ओळखणार नाही म्हणून गेलात. आणि ज्यांनी तिला तिथं नेलं त्यांनीही नेमक्या त्याच कारणासाठी नेलं, तिलाही तिथं कुणी ओळखत नाही. वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती १४ जून २००४ ला सरकारनं बुलडोझरनं पाडली. ऐन पावसाळ्यात बायका उघड्यावर आल्या, त्यांत कर्नाटक-आंध्रातून आलेल्या पुष्कळ होत्या. धंदा बंद झाला नाही, तो लॉजवर आणि मोबाइलवर गेला. वस्तीत निदान शेजारीण होती, आता बाई एकटी आहे. त्या एकटीपणाला तुम्ही सोय म्हणता.

आता तिसरा. "आपल्याच भागातली" हे शब्द तू गमतीची बातमी सांगावी तसे उच्चारलेस. आपल्या भागातली म्हणजे काय ते ऐक. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच बेळगाव जिल्ह्यात आहे. केसात जट आली, घरात मुलगा नाही, दुखणं हटत नाही, अशा कारणांनी पिढ्यान्‌पिढ्या दलितांच्या घरातल्या मुली देवीला सोडल्या गेल्या. गळ्यात मणी बांधले की तिचं लग्न नाही, आणि तिच्या कमाईवर घर. कर्नाटकात १९८२ साली देवदासी बंदीचा कायदा झाला. त्यानंतर १९९३-९४ च्या सरकारी पाहणीत २२,८७३ आणि २००७-०८ च्या पाहणीत आणखी २३,७८७ बायकांची नोंद झाली. करार कायद्याच्या कलम २३ खाली एक उदाहरण आहे, ते मी वर्गात घाईनं उरकत असे, आज त्याची लाज वाटते. आई आपली मुलगी एका माणसाला रखेल म्हणून भाड्यानं द्यायचं कबूल करते. हा करार रद्दबातल, असं ते उदाहरण सांगतं. १८७२ चं आहे. मुलीला कुणी विचारलं होतं का, हे त्या उदाहरणातही नाही.

पण याच मातीत दुसरंही काही उगवलं, तेही शिकून घे. घटप्रभेला १९९७ पासून 'मास' ही पूर्वाश्रमीच्या देवदासींची स्वतःची संघटना आहे. तिच्या सीताव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी देवीला सोडलेल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नवी मुलगी सोडू द्यायची नाही म्हणून या बायका गावोगाव फिरल्या. तिकडे सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्या बायका म्हणतात, आमचं काम आम्ही ठरवू, जबरदस्तीनं सोडवायला येऊ नका आणि मारहाणही करू नका. दोघींची वाट वेगळी आहे. मी त्यांच्यात निवाडा करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण दोघींचं एक म्हणणं सारखं आहे: आम्हाला न विचारता आमचं ठरवू नका.

हे वाक्य तुला कुठं तरी ऐकल्यासारखं वाटायला हवं. दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून तू फेरीत चालतोस. १९५६ साली आम्हाला न विचारता आपला मराठी सीमाभाग आजच्या कर्नाटकात घालून आमचा निवाडा केला म्हणून घसा फोडून ओरडतोस, आणि ते ओरडणं बरोबर आहे. मग न विचारता ठरवलं गेलेलं आयुष्य समोर बसलेलं असताना, तेही तुझ्याच दोन्ही भाषांत बोलणारं, तुला त्यात फक्त गंमत दिसली? बायकोला, बहिणीला आठव असं मी तुला सांगत नाही. ती कुणाची कोण लागते म्हणून तिचा मान ठेवायचा नसतो. ती समोर बसली होती, तेवढं पुरे होतं.

आणि चौथा, तू. तू खोलीत गेला नाहीस, हे मला नंतर कळलं. गाडी तू चालवलीस, बाहेर थांबलास, आणि हॉटेलात ऐकत बसलास. "मी काही केलं नाही" असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. वर्गात कॉपी चालली असताना गप्प बसणाऱ्यालाही मी उभं करत असे, आठवतं? मित्रानं दीड हजार बुडवल्याचं सांगितलं तेव्हा "मागे फीर, देऊन ये" एवढं एक वाक्य बोलायला तुला काय लागलं असतं? ते वाक्य ऐकायला त्या चहाच्या टेबलावर जागा होती. तू बिल भरलंस.

आता काय करायचं, ते सांगतो. अशा सहलीला पुन्हा जायचं नाही. नाही म्हणता येतं की नाही हे जिथं कळायचा मार्ग नाही, तिथं विकत घ्यायचं नाही, दर कितीही असो. कुठं लहान मुलगी दिसली, संशय आला, तर १०९८ ला फोन करायचा. पॉक्सोखाली असं कळवणं तुमच्या मर्जीवर सोडलेलं नाही, ते बंधन आहे. त्या बुडवलेल्या दीड हजाराची देणगी देऊन मोकळं व्हायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. खतावणीत एकाचं देणं दुसऱ्याच्या खात्यावर जमा करून फिटत नाही. तिचं नाव तुम्हाला माहीत नाही, म्हणून ते देणं तुमच्या नावे उभंच राहील. ते उभं आहे हे रोज आठवणं एवढंच आता तुमच्या हातात आहे.

दीड हजारवाल्या, शेवटचं तुझ्यासाठी. तुझे आजोबा १९८१ साली महामार्गावर बसले होते. मी शिकवणी घ्यायला तुमच्या घरी येत असे तेव्हा ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. एका व्यापाऱ्यानं भाव ठरवून तंबाखू उचलला, माल वखारीत पडल्यावर निम्मे पैसे हातावर ठेवले आणि म्हणाला, जा, कुणाकडे जायचं तिकडे जा. त्या व्यापाऱ्याला आजोबा एका शब्दानं ओळखत. तो शब्द तुला पाठ आहे, लहानपणी तो बोललास म्हणून माझ्यासमोर आईचा मारही खाल्ला होतास.

रविवारी सकाळी नऊ वाजता चौघे माझ्या घरी या. पुस्तक आणा, कलम १४ पुन्हा वाचायचं आहे. आणि तू येण्याआधी तो शब्द एकदा स्वतःच्या नावापुढे लावून, मोठ्यानं म्हणून ये.