गवतातील विषाणू आणि कारणाचा प्रश्न

ऊस हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतच आहे, आणि वाळवा तालुक्यातील आष्ट्याच्या शिवारात तो टिपरीपासून लावला जात असल्यामुळे बेण्यात असलेला विषाणू पुढच्या लावणीत आणि तिच्या खोडव्यातही उतरतो. पानावर फिकट पिवळसर पट्टे उमटले की त्याला मोझॅक म्हणतात. पण या पट्ट्यांमागे ऊस मोझॅक विषाणू आहे की ऊस स्ट्रीक मोझॅक ही निराळी प्रजाती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जनुकीय क्रमवाचनाने ते कळते. पानातील आरएनए वेगळा काढून त्याची डीएनए प्रत करतात, तिचे असंख्य लहान तुकडे वाचतात आणि ज्यांची टोके परस्परांशी जुळतात ते संगणकावर सांधून विषाणूचा संपूर्ण अनुक्रम उभा करतात.

असा अनुक्रम हाती आला, पण विषाणूचा कण कोणी पाहिलाच नाही, तर तो विषाणू ‘आहे’ असे म्हणावे का? विषाणूंच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती 2017 पासून केवळ अनुक्रमावरून ओळखलेल्या विषाणूंनाही स्थान देते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या, परिभाषेत असे ओळखणे हे अनुमान होय, आणि ते व्याप्तीवर, म्हणजे खूण व वस्तू यांच्या अखंड साहचर्यावर उभे असते. हे साहचर्य कुठे तुटले तर त्याला व्यभिचार म्हणतात, आणि तो येथे खरोखर संभवतो: केळीच्या काही जातींच्या गुणसूत्रांतच केळी स्ट्रीक विषाणूचे अंश कायमचे बसलेले आढळले आहेत, त्यामुळे अनुक्रम सापडला म्हणून संसर्ग आहेच असे ठरत नाही.

अस्तित्व सिद्ध झाले तरी कारणत्व सिद्ध होत नाही, आणि या विषयाचा खरा गाभा हाच आहे. न्यायशास्त्रात कार्याच्या आधी असणारी, पण कार्य घडण्यास अनावश्यक असलेली गोष्ट ‘अन्यथासिद्ध’ मानतात. घटासाठी माती वाहणारे कुंभाराचे गाढव हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. उसाची गवताळ वाढ हा रोग पूर्वी विषाणूमुळे होतो असे मानत. जपानी संशोधकांनी 1967 मध्ये अशाच प्रकारच्या रोगांत भित्तिकाहीन सूक्ष्मजीव, म्हणजे आजचे फायटोप्लाझ्मा, दाखवल्यानंतर तो समज बदलला. याच्या उलट, अमेरिकेतील यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीत वाढणाऱ्या एका गवतात बुरशी राहते आणि त्या बुरशीत विषाणू. हा विषाणू काढून टाकला, तर बुरशी असूनही गवताची उष्णता सोसण्याची शक्ती जाते, असे 2007 मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे गवतात सापडलेला प्रत्येक विषाणू वैरी नसतो.

पिवळ्या पानाच्या रोगात पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी पडते, पण त्याचा विषाणू अंगी असूनही कित्येक ऊस हिरवेगार दिसतात. तेथे निर्णय अन्वय-व्यतिरेकानेच, म्हणजे ‘ते असता हे होते, नसता होत नाही’ या कसोटीनेच करावा लागतो: एकाच वाणाची, समजा को 86032 ची, ऊती संवर्धनाने विषाणूमुक्त केलेली रोपे आणि बाधित बेणे एकाच रानात, एकाच पाण्यावर शेजारी लावून, विषाणू पसरवणाऱ्या माव्याला दूर ठेवून, दोन्हींची वाढ व वजन खोडव्यापर्यंत तपासावे लागते. एवढे होईपर्यंत प्रयोगशाळेच्या अहवालातील नव्या विषाणूचे नाव ही ओळख समजावी. त्यावरून दोष ठरवून उभा प्लॉट मोडण्याचा सल्ला शेतकऱ्याला देणे अन्यायाचे ठरेल.