इंजिनिअर कोणासाठी व्हायचे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हांला दोन प्रकारचे पालक भेटतात. पहिले म्हणतात, "फादर, मुलाला जरा समजवा, इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हणतो." दुसरे म्हणतात, "फादर, मुलगी इंजिनिअरिंगचंच धरून बसलीय, पण आपल्याला ते झेपायचं नाही. तुम्हीच सांगा तिला." दोघांचेही लेकरांवर प्रेम आहे. तरी दोघांची चूक एकच आहे, असे आम्हांला वाटते. पहिल्यांना इंजिनिअरचा पगार दिसतो, दुसऱ्यांना त्याआधीची फी. इंजिनिअर नेमका कोणासाठी असतो, हे कोणीच विचारीत नाही.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. यंत्रांतले आम्हांला फारसे कळत नाही. पण कांट या तत्त्ववेत्त्याचा एक विचार तेव्हापासून मनात घर करून आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. आपली मुलेही माणसेच आहेत. आपले राहून गेलेले स्वप्न पुरे व्हावे, भाऊबंदांत मान वाढावा, एवढ्यासाठी मुलाला इंजिनिअर करणे म्हणजे त्याला साधन बनवणे होय. मग प्रोत्साहन देऊच नये काय? द्यावे, अवश्य द्यावे. पण त्यामागचे कारण बदलावे.

ते कारण शोधायला दूर जायला नको. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. दौंड तालुक्यातल्या शेतांना खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते. त्या धरणासाठी पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पाणी ठरावीक पातळीवर चढले की आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. ज्यांनी हा मार्ग आखला, ज्यांनी ते पाणी मोजले, त्यांनी आपल्याला कधी पाहिले नाही. आपण तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी त्यांचे काम आपल्या उपयोगी पडते आहे. चांगल्या शोमरोनीने वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाला शेजारी मानले. इंजिनिअरचा शेजारी तर त्याला कधी दिसतही नाही.

या शेजाऱ्याचा विसर पडला तर काय होते, हेही आपल्या जिल्ह्याने भोगले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. काम पुरते झालेले नसताना त्यात पाणी अडवले गेले होते. त्याची किंमत मोजली ती पुण्यात नदीकाठी राहणाऱ्या, त्या बांधकामाशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी. म्हणून इंजिनिअरिंग हे केवळ हुशारीचे काम नाही, ते विवेकाचे काम आहे. घाई करा म्हणून वरून दडपण आले, तरी "हे अजून सुरक्षित नाही" असे सांगण्याचे धैर्य त्याला लागते.

शिरूर तालुक्यातले रांजणगाव आणि दौंड तालुक्यातले कुरकुंभ येथील कारखान्यांत आपली माणसे राबतात, पुष्कळदा कंत्राटावर. यंत्राजवळ हात किती जपावा लागतो, रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला डोळे कसे मिटतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्याच लेकीने उद्या त्या यंत्राला संरक्षक जाळी कुठे हवी, हे का ठरवू नये? सांडपाणी पुरते शुद्ध झाल्याशिवाय बाहेर सोडायचे नाही, असे त्यांच्याच मुलाने का सांगू नये? ज्याने घरी झळ सोसली आहे, तो निर्णयाच्या टेबलाशी बसला तर त्याला कागदावरच्या आकड्यांमागची माणसे दिसतील, अशी आम्हांला आशा आहे.

वाट अवघड आहे, पण बंद नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कसवलत देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा "झेपणार नाही" असे म्हणण्याआधी मुलीची कागदपत्रे काढून पाहा. दाखले आणि अर्ज यांबाबत अडचण असेल, तर आमच्याकडे या. आपण मिळून मार्ग काढू.

आणि ज्या मुलाचा कल तिकडे नाही, त्याला मोकळे सोडा. देवाने प्रत्येकाला वेगळे दान दिले आहे. संत योसेफ सुतारकाम करीत होते. हाताच्या कामाला आपल्या श्रद्धेत कधीच कमी लेखलेले नाही. शेती, नर्सिंग, आयटीआय, शिक्षकी पेशा, यांपैकी कोणतेही पाचारण इंजिनिअरिंगहून हलके नाही.

आज घरी गेल्यावर जेवताना आपल्या लेकरांना एकच प्रश्न विचारा: "तुझ्या शिकण्याने कोणाचे भले व्हावे असे तुला वाटते?" मग थोडा वेळ गप्प बसून त्यांचे उत्तर ऐका.

प्रभू आपल्या सर्व विद्यार्थ्यांना सुबुद्धी आणि धैर्य देवो.

आपला धर्मगुरू