निगेटिव्ह कुणी सांभाळायची?

जुन्या कॅमेऱ्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. गोव्याच्या वाटेवर बांद्याला चहासाठी थांबणाऱ्या तरुणांपैकी एखाद्याच्या गळ्यात आता याशिका-मॅट दिसतो, एखाद्याकडे आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला आग्फा क्लिक थ्री. या कॅमेऱ्यांना १२० नंबरचा रोल लागतो, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात आणि त्या बारा फोटोंसाठी आज बरेच पैसे मोजावे लागतात. ते मोजायला ही मुलं तयार आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. माझं भांडण आहे ते त्यांच्या कारणाशी. फिल्म संयम शिकवते, असं ती सांगतात. बाराच फोटो आहेत म्हटल्यावर माणूस थांबतो, पाहतो, विचार करतो. मोबाइलवर शंभर फोटो काढणारा पाहतच नाही. या विषयावर हल्ली जे लिहिलं जातं त्यात हेच विधान थोड्याफार फरकाने भेटतं. ते इतकं सज्जन विधान आहे की त्याला कुणी हरकत घेत नाही. मला ती घ्यायची आहे.

बाकीच्या समर्थनांत फार वेळ घालवण्याचं कारण नाही. फिल्मचा रंग वेगळा असतो, पण तो स्कॅनरमधून मोबाइलच्या पडद्यावर पोचेपर्यंत त्यातलं वेगळेपण किती उरतं हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे पाहावं. मोठ्या निगेटिव्हमध्ये तपशील जास्त, हे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मशी तुलना केली तर खरं आहे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांपुढे तो वाद संपला. संयमाचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त दिशाभूल होते.

मुळात हा रोल संयमासाठी जन्माला आलेलाच नाही. कोडॅकने १९०१ साली तो आणला नंबर टू ब्राउनी या स्वस्त पेटी-कॅमेऱ्यासाठी. ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही त्यानेही खटका दाबावा, हा हेतू. काचेच्या प्लेटा एकेक करून भरणाऱ्या त्या काळच्या फोटोग्राफरच्या नजरेत रोल हाच उतावळेपणा असणार. आपल्याकडे बडोद्याला तयार होणारा क्लिक थ्री घरोघरी गेला तोही सहलीचे, बारशाचे, मुंजीचे फोटो झटपट निघावेत म्हणून. आज आपण ज्याला संथपणाचं साधन समजतो ते त्या काळात घाईचं साधन होतं. साधन तेच राहिलं आणि गुण उलटा झाला, तर तो गुण साधनाचा कसा म्हणायचा?

ज्यांनी असे कॅमेरे पोटासाठी वापरले तेही संथ नव्हते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला दिल्लीतल्या समारंभांच्या गर्दीत रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक घेऊन फिरल्या. तिथे ध्यान लावायला कुणी सवड देत नव्हतं. आपल्या गावचा लग्नाचा फोटोग्राफर घ्या. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण त्याच्यासाठी थांबत नसे. कमरेशी कॅमेरा, डाव्या हाताला फोकसची घुंडी, उजव्या हाताला रोल पुढे सरकवायची मूठ, बाजूला फ्लॅश धरलेला पोऱ्या. घामाघूम होऊन तो बारा फोटो संपवी आणि कोपऱ्यात पाठ करून दुसरा रोल भरी. रोल तो जपून वापरायचा हे खरंच. फिल्मच्या आयातीवर बंधनं होती. सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन केली, तिचा ‘इंदू’ रोल पुढे बाजारात आला. तरी छोट्या गावातल्या स्टुडिओला वाया गेलेला प्रत्येक फोटो नफ्यातून द्यावा लागे. ती काटकसर होती. काटकसरीला साधना म्हणणं ज्याला ती करावी लागली नाही त्यालाच सुचतं.

आणि समजा, फिल्मने संयम येतो. मग तोच संयम डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा बंद करून, दिवसाला बाराच फोटो काढायचे असं ठरवून मिळवता येणार नाही का? मिळवता येतो, अनेकांनी मिळवला आहे. जो लाभ निगेटिव्हशिवाय होतो तो निगेटिव्हचा लाभ नव्हे. एक गोष्ट मी मान्य करतो: कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्याच्या घासलेल्या काचेवर जे उलटं चित्र दिसतं, डावीकडचं उजवीकडे, त्याने नजरेला नवी शिस्त लागते. समोरच्या माणसाला आपला चेहरा दिसत राहतो हेही मोलाचं आहे. पण हे सगळं झालं फोटोग्राफरच्या बाजूचं. त्याला शिस्त लागली, त्याचं मन शांत झालं, त्याची नजर सुधारली. ज्याचा फोटो निघाला त्याला यातून काय मिळालं? संयमवाद्यांच्या सगळ्या विवेचनात हा दुसरा माणूस कुठेच येत नाही. फोटोग्राफी हे त्यांच्या लेखी एका सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात संपणारं काम आहे. पुढची तीस वर्षं त्यांच्या हिशेबात नाहीत.

ती तीस वर्षं मी धरतो. सावंतवाडी, बांदा, कुडाळ अशा गावांतल्या स्टुडिओंनी १२०चा रोल इतका काळ का धरून ठेवला? मुख्य कारण सोयीचं होतं. ही निगेटिव्ह डोळ्यांना दिसते. खिडकीसमोर धरली की नवरी कोण, करवली कोण, मागे कोण उभं आहे हे कळतं. तिची कॉन्टॅक्ट प्रिंटसुद्धा पाहण्याजोगी होते. तिच्यावर टोकदार शिसपेन्सिलीने रिटचिंग करता येतं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं रिटचर हलक्या हाताने झाकत असे. फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा आणि निगेटिव्ह पाकिटात घालून, नंबर टाकून, वहीत नोंदवून स्टुडिओत ठेवायची, अशी सर्वसाधारण पद्धत. कॉपी हवी असेल तर नंबर सांगायचा.

लोक कॉपी मागायला केव्हा येत? घरात कुणी गेलं म्हणजे. बाराव्या-तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो हवा असे आणि त्या माणसाचा एकट्याचा फोटो उभ्या आयुष्यात निघालेला नसे. मग पुतण्याच्या लग्नातल्या समूहफोटोत तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या काकांचा चेहरा निगेटिव्हमध्ये शोधून, एनलार्जर वर चढवून, तेवढाच मोठा केला जाई. सहा बाय सहाची निगेटिव्ह पस्तीसच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटींहून जास्त क्षेत्रफळाची, म्हणून तो चेहरा ओळखू येण्याइतका तरी निघे. आजही कोकणातल्या किती घरांत हार घातलेल्या फोटोच्या कडेला शेजाऱ्याच्या खांद्याचा तुकडा दिसतो! फोटो काढताना त्यातला कोणता चेहरा पुढे लागणार हे फोटोग्राफरला ठाऊक नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. त्या फोटोची किंमत खटका दाबण्याच्या क्षणी ठरलीच नाही. ती वीस वर्षांनी ठरली, आणि निगेटिव्ह जागेवर होती म्हणूनच ठरू शकली.

संयम शोधायचाच असेल तर तो डार्करूममध्ये शोधावा. डी-७६ या डेव्हलपरच्या वेळा वीस अंश सेल्सियस धरून दिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात साधं पाणीच तीस अंशांच्या वर असतं. बर्फाचा तुकडा आणून ते उतरवायचं, पण फार उतरवलं आणि पुढचं पाणी गरम लागलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. त्यानंतर चित्र पक्कं करणारा हायपो, आणि मग धुणं. हे धुणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हायपो पुरता निघाला नाही तरी आज, उद्या, वर्षभर काहीच दिसत नाही. निगेटिव्ह स्वच्छ असते, प्रिंट सुरेख येते, गिऱ्हाईक खूश असतं. पंधरा-वीस वर्षांनी ती पिवळी पडू लागते, चित्र विरू लागतं. विहिरीने तळ गाठलेला असताना जो माणूस आणखी चार बादल्या पाणी निगेटिव्हवर घालतो तो ते कुणासाठी घालतो? ज्याला तो कधी भेटणार नाही अशा कुणासाठी.

म्हणून मला छायाचित्रकार आणि राखणदार यांत फरक करावासा वाटतो, आणि १२०च्या फिल्मचा सगळा अर्थ मला दुसऱ्या भूमिकेत दिसतो. आमच्याकडे गावाच्या सीमेवर राखणदार असतो. गाव त्याच्या मालकीचं नसतं, पण जबाबदारी त्याची असते. स्टुडिओवाल्याचं नातं निगेटिव्हशी तसंच होतं. योगायोग असा की कायदाही जवळपास हेच सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढवून घेणाराच. निगेटिव्ह कपाटात एकाच्या, हक्क दुसऱ्याचा.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३०च्या दशकात मांडलं, की एका निगेटिव्हच्या कितीही प्रिंट निघू शकतात, तेव्हा अस्सल प्रिंट कोणती हा प्रश्न निरर्थक आहे. प्रिंटपुरतं ते बरोबरच आहे. पण निगेटिव्ह एकच असते, हे त्या विधानातच दडलेलं आहे आणि त्याच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. वस्तू एकच असली की ती कुठेतरी असावी लागते, कुणाच्या तरी ताब्यात असावी लागते, आणि हरवली तर कुणाला तरी जाब विचारता येतो. फाइलच्या दहा प्रती दहा ठिकाणी असतात आणि दहाही सारख्या. त्यामुळे ती सुरक्षित असते असं म्हणतात, असेलही. पण ती सांभाळण्याचं काम नेमकं कुणाचं, याचं उत्तर मिळत नाही. घरातल्या पाच जणांकडे फोटो आहेत असं प्रत्येकाला वाटत राहतं आणि एक दिवस कुणाकडेच नसतात.

आता नव्या फिल्मवाल्यांकडे पाहा. रोल कुरिअरने शहरातल्या लॅबला जातो, स्कॅन इमेलने येतात, फोटो इन्स्टाग्रामवर चढतात. निगेटिव्ह? कित्येकदा त्या लॅबमध्येच पडून राहतात, परत मागवायचा खर्च नको म्हणून. दमट हवेत लेन्सला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आणि निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत, असंही मी पाहिलं आहे. अशा माणसाने जुना कॅमेरा वापरला, पण काम डिजिटलचंच केलं. शिकागोतल्या व्हिव्हियन मायरने रोलायफ्लेक्सवर काढलेल्या फोटोंचं आज जगभर कौतुक होतं. तिच्या गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ साली त्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा कुठे त्या निगेटिव्ह लोकांपुढे आल्या. तिच्या नजरेबद्दल खूप लिहिलं गेलं. मला मात्र ती कथा राखणदाराविना राहिलेल्या निगेटिव्हची वाटते. फोटोतल्या माणसांपैकी बहुतेकांची नावं आता कुणालाही सांगता येणार नाहीत.

बांद्यात हा प्रश्न तातडीचा आहे. तेरेखोल नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते किती चढलं हे इथल्या दुकानदारांना सांगायला नको. जिलेटिन भिजलं की फुगतं आणि पाकिटातल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वाळल्या की त्या कायमच्या गेल्या. भिजलेल्या निगेटिव्ह तशाच वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवाव्यात, सावकाश सुट्या कराव्यात आणि एकेक टांगाव्यात, एवढं जरी ठाऊक असलं तरी बरंच वाचतं. न भिजताही दमट हवेत अ‍ॅसिटेटची फिल्म सडू लागते, तिला शिरक्यासारखा वास येतो. आणि सगळ्यातून वाचलेल्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून त्या भंगारात विकल्या जातात. १५ ऑगस्ट १९५५ला गोवा मुक्तीचे सत्याग्रही बांद्याजवळच्या पत्रादेवीला पोर्तुगीज गोळ्यांना सामोरे गेले. तिथे स्मारक आहे. पण त्या दिवसांत सीमेवरच्या या गावात कोण राहत होतं, सत्याग्रहींना कुणी घरी जेवू घातलं, त्या माणसांचे चेहरे उरले असतील तर ते अशाच एखाद्या पाकिटात उरले असतील.

अशा निगेटिव्ह राखण्याचं काम इतर ठिकाणी झालेलं आहे. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या सुहाग स्टुडिओतल्या सुरेश पंजाबी यांच्या निगेटिव्हवर क्रिस्टोफर पिनी यांनी पुस्तक केलं. तमिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंतलं साहित्य पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने नोंदवून घेतलं. सिंधुदुर्गात त्यासाठी परदेशी संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२पासूनचं आहे, बांद्याला नट वाचनालय आहे. पुस्तकं सांभाळण्याची सवय असलेल्या या संस्था आहेत. बंद पडलेल्या स्टुडिओंची पाकिटं त्यांनी मागून घ्यावीत, पुराची रेघ जिथे पोचत नाही अशा उंचीवर कपाट ठेवावं, आणि फोटो काढवून घेणाऱ्या घरांच्या संमतीशिवाय त्यातलं काही छापू नये. निगेटिव्हबरोबर स्टुडिओची वहीही मागावी, कारण वहीशिवाय नंबर निरुपयोगी आहेत. जिथे वही हरवली आहे तिथे कॉन्टॅक्ट प्रिंट काढून गावातल्या जाणत्या माणसांपुढे ठेवाव्यात आणि नावं लिहून घ्यावीत. स्कॅनिंग पुढच्या वर्षी झालं तरी चालेल. हे काम याच वर्षी व्हायला हवं. सुरुवात लग्नांच्या रोलपासून करावी, कारण एका चौकटीत सगळ्यात जास्त माणसं त्यातच सापडतात.