वहीम आणि गांव

आरोप करणें आणि चौकशी मागणें या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतों. वास्तविक चौकशी मागणारास उत्तर ठाऊक नसतें. आरोप करणाराजवळ तें तयार असतें, त्यास उणीव असते ती फक्त गर्दीची.

त्र्यंबकेश्वराचें उदाहरण घेऊं. १३ मे २०२३ च्या रात्रीं उरुसाची मिरवणूक देवळाच्या द्वारापाशीं थांबली. तींतील कांहीं जणांनीं आंत शिरण्याचा प्रयत्न केला, अशी देवस्थानची तक्रार झाली व चौघांवर गुन्हा नोंदला गेला. उरुसवाले म्हणाले, आंत जावयाचें नव्हतेंच. पायरीपाशीं उभें राहून त्र्यंबकराजास धूप दाखवावयाचा, ही चाल वाडवडिलांपासूनची. गांवांतील कित्येक हिंदूंनीं यास दुजोरा दिला. इतरांनीं अशी प्रथाच नाहीं असें सांगितलें. तीन दिवसांत सरकारनें विशेष तपास पथक नेमलें, आणि पाठोपाठ गोमूत्र शिंपडून पायऱ्यांची शुद्धिहि झाली. शुद्धि आधीं, तपास मागून!

अहिंदूंस प्रवेश नाकारण्याचा देवळाचा नियम बरा कीं वाईट, हा प्रश्न वेगळा. नियम आहे तर तो मोडूं पाहणारास अडवावें. परंतु कोणाचें पाऊल कोणत्या पायरीवर होतें, हें साक्षीदारांस विचारून ठरतें. त्या पावलामागें भक्ति होती कीं कट, हें तसें ठरत नाहीं. आणि दूरच्या मंडळींचा निकाल लागला तो नेमका या दुसऱ्या प्रश्नाचा! घटनास्थळापासून अंतर वाढावें तसतशी खात्री वाढत जावी, हा मोठा चमत्कारिक हिशेब आहे. गांवकऱ्यांजवळ निदान ओळख तरी असते. धूप धरणारा कोणाचा मुलगा, त्याचें दुकान कोठें, हें त्यांस माहीत असतें. ओळख हाहि एक पुरावाच. अर्थात् तोहि निर्दोष नव्हे. ओळखीपायीं गांवें आपल्या माणसांचे अपराध खुशाल पोटांत घालतात, हें कोणास सांगावयास नको.

पण जेथें ओळखच नाहीं तेथें काय होतें? त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची समाधि आहे. गहिनीनाथांनीं त्यांस येथल्याच ब्रह्मगिरीवर उपदेश दिला, अशी परंपरा सांगते. बापानें संन्यास मोडून पुन्हां संसार मांडला, म्हणून हीं भावंडें वाळींत पडलीं होतीं. मुलांचा अपराध तो कोणता, हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. त्याच नाथांचें नांव घेऊन भिक्षा मागणारे पांच डवरी गोसावी १ जुलै २०१८ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यास आले. मुलें पळविणारी टोळी फिरते, अशी वार्ता मोबाइलवरून आधींच पोंचलेली होती. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडलें आणि ठार केलें. पोटासाठीं मुलुख पालथा घालणारीं हीं माणसें सोलापुराकडचीं, मागें त्यांचीं स्वतःचींहि मुलेंबाळें आहेत, हें सर्वत्र कळलें तें मागाहून.