करपलेली हळद

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, पांगरा शिंदेच्या परिसरात गेली काही वर्षं जमिनीच्या पोटातून आवाज येतात. आधी गडगड, मग पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. तिकडच्याच एका खेड्यातल्या पोराची ही गोष्ट.

पोराचं यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल होतं. म्हणजे एक मोबाइल, एक माइक आणि गळ्यात स्वतःच छापून घेतलेलं ओळखपत्र. एका रात्री आवाज झाला तेव्हा त्यानं भांड्यांचा खुळखुळाट टिपला, भिंतीची भेग दाखवली आणि विचारलं, हे तपासायला कुणी येणार आहे का? दुसऱ्या दिवशी एका साहेबाचा फोन. "व्हिडिओ काढून टाक. लोक घाबरतात."

पोरगं आबांकडं गेलं. आबा नव्वदीचे. शाळकरी वयात निजामाची राजवट पाहिलेली, 'गश्ती निशाण 53' हे शब्द अजून तोंडपाठ. सभा घ्यायची तर आधी परवानगी आणा, असा तो हुकूम.

"तू सोताच्या कानानं ऐकलं तेच दाखवलं ना?" आबांनी विचारलं.

"हो."

"मंग कामून काढतो?"

व्हिडिओ राहिला.

पुढं 21 मार्च 2024 ला, सकाळी सहाच्या सुमारास, हिंगोलीसह नांदेड-परभणीही हादरलं. तीव्रता 4.5. दिवस हळद शिजवायचे. दुपारी पोराच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर आला: आज रात्री किल्लारीपेक्षा मोठा धक्का. किल्लारीच्या त्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचं नाव काढलं की मराठवाड्यात आजही माणूस उंबऱ्याबाहेर येतो. पोरानं लाल अक्षरांत तेच वाचून दाखवलं. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं, म्हणजे आपण मोकळे. (ही युक्ती मोठ्या वाहिन्यांनीच शिकवलेली.)

अंधार पडायच्या आत गाव रानात. शेजारच्या काकांनी शेतात कढई चढवली होती. लेकरंबाळं गोळा करायच्या धांदलीत जाळाकडं कुणी पाहिलं नाही. धक्का आला नाही. पहाटेपर्यंत कढईतलं पाणी मात्र आटलं.

सकाळी काकांनी करपलेल्या हळकुंडांची ओंजळ पोराच्या टेबलावर, माइकशेजारी ठेवली. काही न बोलता गेले. खोलीभर जळका वास.

"मी फक्त आलेलं पुढं पाठवलं," पोरगं म्हणालं. "घटनेनं बोलायचा हक्क दिलाय."

आबा हळकुंड मोडून आतला काळपट गाभा बघत होते. "दिलाय की. पण हे तुला कुणी सांगितलं होतं?"

पोराला सांगता येईना. हक्क देणाऱ्या त्याच एकोणिसाव्या कलमात वाजवी निर्बंधांचाही भाग आहे, हे त्याला पाठ होतं. पण आबा कलम विचारतच नव्हते.

तेवढ्यात साहेबाचा फोन. आवाज या वेळी जरा खुशीतला. "बघितलंस? म्हणूनच म्हणत होतो. आता तो भेगेचाही काढ."

पोराचा अंगठा दोन्ही व्हिडिओंवर गेला. आबांनी मनगट धरलं. "रात्रीचा काढ. भेग तर अजून हाय की भितीवर."

एक व्हिडिओ गेला, एक राहिला. शिवाय पोरानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, काल रात्रीची बातमी खोटी होती, मी न तपासता दिली. हे बघायला आदल्या दिवशीच्या गर्दीतली मूठभर माणसंही आली नाहीत. काकांनी तर बोलणंच टाकलं.

10 जुलै 2024. सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा धक्का, पुन्हा 4.5. पोरानं अर्ध्या मिनिटात आटोपलं: इतकी तीव्रता, केंद्र कळमनुरी तालुक्यात, पुढचा कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. काका होते, तीन-साडेतीन महिन्यांनी.

"अजून येणार हाय का रे?"

"माहीत नाही, काका."

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"बरं," काका म्हणाले. "मंग जातो वावरात."