पाहुण्याचा सोबती

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा जुन्नरास आमच्या घरीं आला, तो हातांत एक वही घेऊनच. त्यास आणि त्याच्या सोबत्यास आम्स्टरडॅम शहर पाहावयास जावयाचें होतें. आणि आम्हीं तें शहर कांहीं वर्षांपूर्वीं पाहिलेलें असल्यामुळें प्रवासाची आखणी आमच्याशीं बोलून करावी असा त्याचा विचार होता. सोबती आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांतला. दोघेही पुण्यास नोकरी करतात, नऊ वर्षें एका बिऱ्हाडांत राहतात, आणि ते एकमेकांचे कोण हें आम्हांस ठाऊक आहे. वहींत कालव्यांचीं नांवें होतीं, चित्रसंग्रहालयें होतीं, कोणत्या महिन्यांत विमानाचें भाडें उतरतें याचे हिशेब होते. एप्रिलांत तिकडे ट्यूलिपचे मळे फुलतात, परंतु तेव्हां घरच्या द्राक्षबागेची तोडणी आटोपलेली नसते. ऑगस्टांत समलिंगी लोकांची मिरवणूक नौकांतून कालव्यांवर निघते, परंतु सोबत्यास गर्दीचें वावडें. म्हणून सप्टेंबर ठरला. एवढें झाल्यावर त्यानें वहीचें शेवटचें पान उघडलें. तेथें एकच प्रश्न लिहिलेला होता. “काका, तिथं आम्ही दोघांसाठी एक खोली मागितली, आणि आम्ही एकमेकांचे कोण तेही सांगितलं, तर समोरचा माणूस क्षणभर अडखळेल का हो?”

तो अडखळणार नाहीं, असें आम्हीं सांगितलें. आणि बहुतांशीं तें खरेंही आहे. परंतु तो गेल्यावर प्रश्न मागें राहिला. पाहुण्यास घरांत घेणें म्हणजे नक्की कोणास घरांत घेणें? त्याच्या देहास, कीं तो जसा आहे तशा त्यास?

वरवर पाहतां हा प्रश्न आमच्या तालुक्यांत उद्भवूंच नये. लेण्याद्रीस किंवा ओझरास गणपतीच्या दर्शनाला आलेल्या दोन पुरुषांस मुक्कामाला एक खोली मिळण्यास कांहीं अडचण पडत नाहीं. अडचण पडलीच तर ती अविवाहित स्त्रीपुरुषांस पडेल. नारायणगांवच्या बाजारांत दोन मित्र एकमेकांच्या गळ्यांत हात टाकून हिंडतात, करंगळींत करंगळी अडकवून रसाच्या गुऱ्हाळापुढें उभे राहतात, आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. उलट हॉलंडांत, आर्न्हेम येथें, २०१७ सालीं हात धरून चाललेल्या दोन पुरुषांना मारहाण झाली, आणि तिचा निषेध म्हणून त्या देशांतील कांहीं पुढारी पुरुष हातांत हात घालून रस्त्यानें चालत गेले. आमच्या एका वृद्ध मित्रानें हें ऐकून तत्काळ निकाल दिला: “पाहा! तिकडे एवढा गाजावाजा, आणि हात धरायला मोर्चा काढावा लागतो. आपल्याकडे कोणी विचारीतच नाहीं. हीच आपली संस्कृति.”

या बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच तें तपासून पाहिलें पाहिजे. न विचारण्याचे दोन प्रकार असतात. उत्तर कांहींही असलें तरी आपल्या वागण्यांत फरक पडावयाचा नाहीं, म्हणून मनुष्य विचारीत नाहीं, हा एक. उत्तर ऐकावें लागलें तर आपणांस कांहीं तरी करणें भाग पडेल, म्हणूनही तो विचारीत नाहीं, हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच सभ्य दिसतात. यांतला कोणता प्रकार चालला आहे हें ओळखण्याची परीक्षा मात्र अवघड नाहीं. पाहुण्यानें न विचारतां सांगितलें, तर किल्ली पुढें केलेला हात तसाच पुढें राहतो काय? नारायणगांवच्या बाजारांतील ते दोन मित्र आज जितके मोकळे आहेत तितकेच, गांवास सर्व कळल्यावरही राहतील काय? आमच्या वृद्ध मित्रांस आम्हीं हें विचारलें, तेव्हां त्यांनीं चहा मागविला.

परंतु दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं आपलें घर पाहावें. तीन वर्षांपूर्वीं, आषाढांत, हेच दोघे नाणेघाट पाहून भिजून आमच्याकडे आले व रात्रीं राहिले. आम्हीं एकाचें अंथरूण माडीवर घातलें, दुसऱ्याचें ओटीवर. घरांत आमच्यावांचून कोणी नव्हतें. कोणी पाहील, कोणी बोलेल, असें कांहीं भय नव्हतें. आमची मुलगी आणि जांवई आले असते तर आम्हीं असें केलें असतें काय? त्या दोघांनीं एक शब्द उच्चारला नाहीं. सकाळीं दोन्ही अंथरुणें नीट घड्या करून ठेवलेलीं होतीं, चहा झाला, पाऊस थांबला, ते गेले. त्या वेळीं आपण मोठें औचित्य पाळलें अशीच आमची समजूत होती. वहींतला प्रश्न वाचला तेव्हां आम्हांस कळलें कीं, समोरचा मनुष्य अडखळतो म्हणजे काय करतो, हें त्या मुलानें परदेशाविषयीं कल्पना करून लिहिलेलें नव्हतें.

ज्या नाणेघाटांतून ते त्या दिवशीं परतले, त्याच वाटेनें कल्याण व सोपारा येथील बंदरांतला माल सातवाहनांच्या काळीं जुन्नरास चढत असे. त्या व्यापाराच्या मागोमाग आलेल्या परकीयांच्या खुणा आमच्या डोंगरांत आजही वाचतां येतात. जुन्नरच्या लेण्यांत तीन लहानसे दानलेख आहेत. इरिल नांवाच्या एकानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं. चिट नांवाच्या दुसऱ्यानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. चंद नांवाच्या तिसऱ्यानें लेण्याचा दर्शनी भाग करविला. तिघांच्याही नांवापूर्वीं ‘यवन’ असा शब्द कोरलेला आहे. आम्हांस यांत नवल वाटतें तें दानाचें नव्हे. चंद हें नांव तर इकडचेंच. हे लोक येथें रुळले होते, येथल्या धर्माच्या छायेंत आले होते. नुसतें चंद म्हणून लेख कोरविला असता तर कोणाच्या लक्षांतही आलें नसतें कीं हा परका. तरी तो शब्द गाळावा असें दात्यास वाटलें नाहीं, आणि तो गाळल्यावांचून दान घेणार नाहीं असें संघासही वाटलें नाहीं. भिक्षु यवनानें दिलेल्या मंडपांत, तो यवनाचा आहे हें दारावर वाचून, जेवावयास बसत.

येथें एक शंका घेतलीच पाहिजे. जे यवन दगडावर आले ते दाते होते. ज्या यवनापाशीं टांकें खोदविण्यापुरतें द्रव्य नव्हतें, त्यास या डोंगरांत कसें वागविलें गेलें हें कोणत्याच भिंतीवर लिहिलेलें नाहीं. युरोपांतील राजधान्यांच्या स्नेहाविषयींही असेंच विचारतां येईल. पुष्कळ खाणावळी व वसतिगृहें आज दारावर सप्तरंगी निशाण लावतात, त्यांत मैत्री किती आणि गिऱ्हाइकी किती? आमचे दोन प्रवासी पगारदार आहेत, परतीचें तिकीट दाखवूं शकतात. तरी आम्ही त्या निशाणास हंसणार नाहीं. गिऱ्हाइकासाठीं कां होईना, जें दारावर लावलें तें उद्यां पाहुण्यास दाखवून हक्कानें मागतां येतें. न बोललेल्या सौजन्याचें तसें नाहीं.

शिवाय आम्स्टरडॅमची ही ख्याति कांहीं तेथील हवापाण्यांतून उगवलेली नाहीं. १७३० सालीं हॉलंडांत अशा पुरुषांची मोठी धरपकड सुरू झाली, आणि त्या शहरांतही कित्येकांस देहदंड झाला. ज्या नगरभवनांत ते निवाडे होत, तेंच आज राजवाडा म्हणून प्रवाशांस दाखवितात. १८११ सालीं फ्रेंच कायदा आल्यामुळें हा गुन्हाच राहिला नाहीं. परंतु १९११ सालीं पुन्हा एक कलम आलें, त्यानें एकवीस वर्षांखालील व्यक्तीशीं असा संबंध दंडनीय ठरविला, स्त्रीपुरुषसंबंधास मात्र सोळाची मर्यादा ठेविली. आणि तें कलम जावयास १९७१ साल उजाडलें. या लोकांची तेथील संस्था १९४६ सालीं, जर्मन सैन्य देशांतून गेल्याला पुरीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं तेव्हां, स्थापन झाली. १९८७ सालीं वेस्टरकेर्क या मोठ्या चर्चच्या बाजूस गुलाबी ग्रॅनाइटच्या तीन त्रिकोणांचें स्मारक झालें. नाझींच्या छळछावण्यांत अशा पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवीत, तोच आकार घेतला आहे. एक त्रिकोण पायऱ्यांनीं कालव्याच्या पाण्यापर्यंत उतरतो, आणि लोक तेथें फुलें ठेवून जातात. १ एप्रिल २००१ रोजीं मध्यरात्रीं त्या शहराच्या महापौरांनीं चार जोडप्यांचे विवाह लाविले. जगांत कायद्यानें झालेले असे ते पहिलेच. आमच्या वहीवाल्यानें राजवाडा आणि स्मारक हीं दोन्ही एकाच दिवशीं पाहावयाचें ठरविलें आहे, तें आम्हांस आवडलें.

‘हें सर्व पाश्चात्य खूळ’ असें म्हणणारांसाठीं फार शाई खर्च करण्याचें कारण नाहीं. आमच्या स्मृतिकारांनीं या गोष्टीस दोष सांगितला आहे, हें खरें; परंतु जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगणारें ३७७ वें कलम इंग्रजांनीं १८६० च्या दंडविधानांत घातलें. महाराष्ट्रांत यावर उघड बोलण्याची किंमत काय पडे, हें एका मासिकाच्याच इतिहासावरून समजतें: र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’वर १९३४ सालीं खटला झाला तो वाचकांच्या खासगी प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांच्या बाजूनें न्यायालयांत उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला ते हरले. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें कलम रद्द ठरविलें. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें नाकारला.

याचा प्रत्यय प्रवासाच्या कागदांत येतो. व्हिसाच्या अर्जांत वैवाहिक स्थितीच्या रकान्यांत विवाहित, अविवाहित यांच्या जोडीस ‘नोंदणीकृत सहजीवन’ असाही एक पर्याय छापलेला असतो. नऊ वर्षें एक संसार करणाऱ्या या दोघांस त्यावर खूण करतां येत नाहीं, कारण येथें तशी नोंदच होत नाहीं. दोघांनीं दोन अर्ज भरले आणि दोघांनींही ‘अविवाहित’ लिहिलें. तें खोटें नव्हतें. पण सही करतांना सोबत्याचा हात थोडा वेळ थांबला, असें आमच्या स्नेह्यांच्या मुलानें सांगितलें.

नारायणगांव तमाशाच्या फडांसाठीं प्रसिद्ध आहे. चैत्रांतल्या जत्रांसाठीं गांवोगांवचे पंच तेथल्या राहुट्यांत सुपारी द्यावयास येतात. त्या तमाशांतला नाच्या आम्ही सर्वांनीं पाहिलेला आहे. त्याच्या लचकण्यास आम्ही लहानपणापासून हंसत आलों. नाच्याचें काम करणारा पुरुष कोणावर अनुरक्त असतो याचा त्या सोंगाशीं कांहीं संबंध नाहीं, परंतु हंसणारांनीं तो भेद कधीं केला नाहीं. आमच्या प्रवाशांपैकीं एकानें सांगितलें कीं, शाळेंत असतांना जत्रेच्या रात्रीं तोही सर्वांबरोबर हंसत असे, आणि इतरांहून थोडें अधिक मोठ्यानें.

आतां आमच्याच एका चुकीच्या सल्ल्याविषयीं. पहिल्या भेटींत आम्हीं त्यास म्हटलें होतें कीं, आठ दिवस परमुलखांत मोकळें राहून काय साधणार? जें मिळवावयाचें तें येथेंच मिळवावें. घरीं सांगावें, गांवास सांगावें. तो म्हणाला, “काका, लोक काश्मीरला जातात तेव्हां त्यांना कोणी विचारतं का, की यानं काय साधणार?” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि अजूनही नाहीं. ज्यास धोका नाहीं त्यानें दुसऱ्याच्या धैर्याचा हिशेब मांडणें फार सोपें असतें. सुधारणेचें ओझें त्या दोघांच्या पेटींत भरून देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. सोबत्याची आई सत्तरीच्या घरांत आहे. मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, तेव्हां उठलेल्या घरांपैकीं तिचें एक. आयुष्यांत एकदां सर्व हलवून झालेलें आहे. तिला काय सांगावें, केव्हां सांगावें, हें तिच्या मुलावांचून दुसऱ्या कोणी ठरवावयाचें नाहीं. आम्हांस जें ठरवितां येतें तें आमच्या माडीपुरतें आहे. परवां ते दोघे व्हिसा मिळाल्याचें सांगावयास आले आणि राहिले, तेव्हां आम्हीं माडीवर एकच मोठें अंथरूण घातलें, आणि पाण्याचा तांब्या ठेवून खालीं आलों.

सकाळीं आम्ही त्यांच्याबरोबर घोडेगांवापर्यंत गेलों. आई कांहीं कामानिमित्त तेथें आली होती. स्टँडावर भेट झाली. परदेशाचें नांव तिला उच्चारतां येईना. तिकडे थंडी किती, भाकरी मिळते काय, हें तिनें विचारून घेतलें. मग आमच्या स्नेह्यांच्या मुलाकडे बोट करून ती आम्हांस म्हणाली, “ह्यो संगं हाय नव्हं? मग मला घोर न्हाई.” तिला काय ठाऊक आहे, तें आम्हीं विचारलें नाहीं. तेवढ्यांत मंचरची गाडी लागली, आणि ती पिशवी सांवरीत पुढें झाली.