सहीविना सत्ता

‘साहेब चांगले आहेत हो, भोवतालची माणसं नडतात.’ हे वाक्य नांद्याच्या पारावर ऐकू येते आणि मंत्रालयाच्या जिन्यातही. पुण्याच्या पश्चिमेला सूस, नांदे, चांदे या पट्ट्यात हिंजवडीच्या वाढीबरोबर जमिनीचे भाव चढले, तसा पुढाऱ्याच्या मागे एक ‘खास माणूस’ दिसू लागला. मोजणी कधी यायची, फेरफाराची नोंद कुठे अडली, कुणाची हरकत कशी मिटवायची, सगळे तोच बघतो. त्याचा फोन म्हणजे साहेबांचाच फोन. काम झाले तर साहेबांची कृपा, फिसकटले तर मधल्याने खाल्ले. कागदावर मात्र त्याची सही कुठेच नसते. साहेबांचीही नसते, आणि सगळी खुबी तिथेच आहे.

पुण्याच्या गादीजवळ असा एक माणूस होऊन गेला. त्याच्यापायी राज्य बुडाले असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. तो म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा त्रिंबकजी डेंगळे.

त्रिंबकजी निमगाव जाळीचा, मूळचा जासूद. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीराव महाडला पळाला. तिथून पुण्याला पत्र पोचवून त्रिंबकजी इतक्या झपाट्याने उत्तर घेऊन परतला की धन्याच्या नजरेत भरला, असे ग्रँट डफने लिहिले आहे. डफ इंग्रजांचा माणूस, त्यामुळे त्याचे प्रत्येक विशेषण पारखून घ्यावे लागते. पण त्याने टिपलेली एक गोष्ट विसरता येत नाही. धन्याने सांगितले तर आपण गायसुद्धा मारू, असे त्रिंबकजीने एल्फिन्स्टनला ऐकवले होते. ब्राह्मण पेशव्याच्या चाकराने इंग्रज रेसिडेंटला हे सांगावे! माझे असे काही नाहीच, पापसुद्धा धन्याचेच, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी बोलले असेल.

बाजीरावाला असाच माणूस का हवा होता, हे त्याच्या पूर्वायुष्यात दिसते. राघोबादादाचा हा मुलगा नाना फडणविसांच्या नजरकैदेत वाढला, १७९६ मध्ये इतरांच्या डावपेचांतून गादीवर बसला आणि पुढे इंग्रजी फौजेच्या आधाराने पुन्हा बसला. नाना, शिंदे, होळकर, पटवर्धन, रास्ते, ज्याच्याकडे फौज किंवा घराणे होते तो प्रत्येक जण त्याला शत्रू वाटे. जासुदाकडे यातले काहीच नव्हते. सरंजाम नाही, पागा नाही, पाठीशी भाऊबंद सरदार नाहीत. धन्याने हात काढला की त्याचे काहीच उरणार नव्हते. राजे लोक अशा माणसाला भोळेपणाने जवळ करतात ही समजूत मला कधीच पटली नाही. ते त्याला पारखून घेतात, आणि पारख करतात ती त्याच्या निराधारपणाची.

त्याच्याकडून काय करून घ्यायचे होते, ते एल्फिन्स्टनच्या पेशवाई मुलखावरच्या १८१९ च्या अहवालात बारकाईने आले आहे. नानाच्या काळी मामलेदार नेमला जाई आणि त्याच्यावर दप्तराचा डोळा असे. बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. बोली लावायची ती दरबारातल्याच मंडळींनी. चढी लावली तर मर्जी, कचरले तर गैरमर्जी. मोठ्या मक्तेदाराने पुढे पोटमक्तेदार नेमायचे, त्यांनी आणखी खाली, असे करत करत बोली गावच्या पाटलापर्यंत यायची. पाटलाने गाव मक्त्याने घेतला तर तो गावाचा धनी व्हायचा, मग दाद मागायला वर कुणी नाही. घेतला नाही तर गावाची गत त्याहून वाईट, कारण वसुलीला बाहेरचा येणार. आज ज्याला आपण ‘भ्रष्टाचार’ म्हणून एखाद्याच्या नावावर टाकतो, ती तेव्हा राज्याची वसुलीची पद्धत होती. खजिना भरत होता पेशव्याचा. शिव्याशाप मात्र वाटेत वाटले जात होते आणि त्यांतला मोठा वाटा त्रिंबकजीचा. मला वाटते, त्याच्या नेमणुकीचा हाही एक हेतू होता.

१८१४ मध्ये त्याच्याकडे गुजरात आली. अहमदाबादचा पेशव्यांचा वाटा तोवर गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. मुदत सरल्यावर बाजीरावाने तो वाढवून दिला नाही, त्रिंबकजीला दिला. हाच इजारा आणि जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आला होता. बाजीरावाने आधी त्याला धुडकावले, मग गोंजारले. आपली मेहुणी शास्त्र्याच्या मुलाला देऊ केली. नाशिकला लग्नाची तयारी झाली आणि शास्त्र्याने पाय मागे घेतला. त्याने आपल्या घरच्या बाईलाही पेशव्यांच्या वाड्यात जाऊ दिले नाही. त्या वाड्याबद्दल पुण्यात काय बोलले जाई हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा नकार किती झोंबला असेल ते सांगायला नको. राजकारणातला अपमान एक वेळ विसरला जातो, सोयरिकीतला नाही.

१८१५ च्या जुलैत, आषाढीच्या दिवसांत सगळे पंढरपूरला होते. शास्त्र्याला ताप होता. त्रिंबकजीकडून देवळात येण्याचे बोलावणे आले, नाही म्हटल्यावर पुन्हा आले. शेवटी तो मोजकी माणसे घेऊन गेला, विठोबाचे दर्शन घेतले, त्रिंबकजीशी दोन शब्द बोलला आणि परतीच्या वाटेवर मारेकऱ्यांनी त्याला तोडला. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळकडे होता. त्याने तिथूनच चौकशी सुरू केली आणि एक हिशेबी निर्णय घेतला: आरोप त्रिंबकजीवर ठेवायचा, पेशव्यावर नाही. बाजीरावाला वाट मोकळी ठेवली. खास माणूस द्या आणि सुटा.

इथे दोन तुलना कराव्याशा वाटतात. १७९१ मध्ये कोतवालाच्या कोठडीत तैलंगी ब्राह्मण कोंडून मेले आणि पुणे खवळले, तेव्हा नाना फडणविसांनी घाशीराम कोतवालाला जमावाच्या हवाली केले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले आणि नानाचा कारभार चालू राहिला. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये त्यावर नाटक रचले तेव्हा गदारोळ झाला तो घाशीरामासाठी नव्हे, नानासाठी. मेलेल्या खास माणसाची अब्रू कुणाला राखावीशी वाटत नाही. दुसरी गोष्ट चीनची. चिएनलुंग बादशहाचा लाडका हेशेन. १७९९ च्या फेब्रुवारीत म्हातारा बादशहा गेला आणि पंधरा-सोळा दिवसांत नव्या बादशहाने हेशेनला रेशमी दोर पाठवून गळफास घ्यायला लावला. त्याची अफाट मालमत्ता सरकारजमा झाली. त्याने वर्षानुवर्षे खाल्लेले अखेर गादीकडेच परत आले.

बाजीरावाला मात्र ही सफाई जमली नाही, आणि या प्रकरणाचे वेगळेपण तिथेच आहे. त्याने दोन महिने टाळाटाळ केली, त्रिंबकजीला वसंतगडावर ठेवल्याचे दाखवले आणि सप्टेंबरात नाइलाजाने इंग्रजांच्या ताब्यात दिले. ठाण्याच्या किल्ल्यात त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा होता, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हते. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाणे म्हणायचा आणि त्या गाण्यातून सुटकेचा बेत कैद्याला कळायचा, अशी हकिकत पुढे बिशप हेबरने नोंदवली. इतक्या बंदोबस्तात भाषेचा विचार कुणालाच सुचला नाही, याची मला अजून गंमत वाटते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटला आणि संगमनेर, नाशिक, खानदेशाकडे, महादेवाच्या डोंगरांत भिल्ल, रामोशी, मांग गोळा करू लागला. पेशव्याकडून त्याला आतून मदत पोचत होती, असे इंग्रजांना वाटत होते आणि ते बहुधा खरेच होते.

हे प्रेम होते का? काही अंशी असावे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाजीरावाजवळ दुसरे कुणी उरलेच नव्हते. सरदार दुरावले होते. रेसिडेंट आणि पेशवा दोघांच्याही तैनातीत राहिलेला खुर्शेदजी मोदी १८१५ मध्येच विषाने मेला होता. आपली गुपिते ज्याच्याजवळ ठेवली, त्याच्याशिवाय राज्य चालवायची सवयच मोडली की तो माणूस तोडता येत नाही. घाशीराम हा नानाच्या अनेक हातांपैकी एक होता. त्रिंबकजी एकटाच होता.

१८१७ च्या मे महिन्यात एल्फिन्स्टनने पुण्याला वेढा देण्याची तयारी दाखवून सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस मागितले. १३ जूनच्या पुणे तहात ३४ लाखांचा मुलूख गेला, मराठा मंडळाचे प्रमुखपण गेले, आणि शास्त्र्याचा खुनी त्रिंबकजीच अशी कबुली पेशव्याकडून तहाच्या मजकुरात घेतली गेली. एका सार्वभौम म्हणवणाऱ्या राज्याच्या तहात चाकराच्या गुन्ह्याचे कलम! पाच महिन्यांत खडकीची लढाई झाली, आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. ठरले ते असे: वर्षाला ८ लाख रुपये, गंगेकाठी बिठूरला मुक्काम, सोबत आश्रितांचा गोतावळा. त्रिंबकजीला कसलीच अट मिळाली नाही. त्याला कॅप्टन स्वॉन्स्टनने नाशिकजवळ अहेरगावी पकडले, तेव्हा तो गवताच्या ढिगात लपला होता. त्याचीही रवानगी गंगेकाठीच झाली, पण चुनारच्या किल्ल्यात. तिथे तो १८२९ मध्ये वारला. बाजीराव १८५१ पर्यंत जगला.

एका गुन्ह्याच्या या दोन शिक्षा पाहिल्या तरी ‘पेशव्याला त्रिंबकजीने बिघडवले’ हा सिद्धान्त गळून पडावा. तो गळत नाही, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा आहे. आपल्या बखरकारांनी संभाजीराजांच्या बाबतीत हेच केले होते. सगळे खापर कवी कलशावर. तो तर राजाबरोबर संगमेश्वरी पकडला गेला, राजाबरोबरच १६८९ मध्ये हाल होऊन मेला, तरी त्याची सुटका नाही. अलीकडे त्रिंबकजीला उलट बाजूने उचलण्याचा प्रयत्न होतो: इंग्रजांशी झुंजलेला स्वातंत्र्यवीर. ठाण्याहून निसटल्यानंतरची त्याची धडपड पाहता त्यात तथ्य नाही असे नाही. पण खलनायक म्हटले काय किंवा वीर म्हटले काय, दोन्हींत तो स्वयंभू ठरतो, आणि स्वयंभू तर तो कधीच नव्हता. त्याच्या नावावरचा मक्ता पेशव्याचा होता, फौज पेशव्याची होती, गाय मारण्याची तयारीही पेशव्यासाठीच होती.

खून त्याने करवला का? बोलावणी त्याची होती, एवढे नक्की. पण शास्त्र्याला बडोद्यातही वैरी होते. बडोद्याचा पूर्वीचा दिवाण सीताराम रावजी याचे हस्तक बंडोजी आणि भगवंतराव तेव्हा पेशव्यांच्या आसऱ्याला होते. हुकूम कुणाचा, पैसा कुणाचा, कोणाला आधी माहीत होते, हे साक्षी-जबाब उलटसुलट तपासल्याशिवाय ठरणारे नव्हते. तशी तपासणी पेशव्याला नको होती, कारण ती त्याच्या वाड्यापर्यंत आली असती. कंपनीलाही नको होती, कारण पेशवा निर्दोष ठरला असता तर तहात त्याला दाबायला कारण उरले नसते आणि दोषी ठरला असता तर त्याच पेशव्याशी तह करता आला नसता. म्हणून वसंतगड, ठाणे आणि चुनार मिळून एवढी वर्षे कैद भोगलेल्या या माणसावर खटला असा कधी चाललाच नाही.